कलम २२ : 'त्या वेळी' आरोपीचं मन कुठे होतं, हे सिद्ध कसं होतं?

कलमदान
भारतीय न्याय संहितेतली २० ते २४ ही कलमं माणसाला गुन्ह्याची जबाबदारी पेलता येते का, हे ठरवतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच ८२ ते ८६ होती. सात वर्षांखालचं मूल, सात ते बारा वर्षांमधलं अपक्व समजेचं मूल, मनोविकल माणूस, नकळत किंवा जबरीने नशा करवलेला माणूस आणि शेवटी स्वतःहून नशा केलेला माणूस, असा त्यांचा क्रम आहे. धागा मुख्यतः कलम २२ साठी, म्हणजे जुन्या ८४ साठी काढतोय. लोकांच्या मनात सर्वाधिक गैरसमज त्याच्याचबद्दल आहेत, आणि कोर्टात हा बचाव मुळात खरा असूनही पुराव्याअभावी हरतो.

कलमाचा आशय असा : कृती करतेवेळी, मनोविकलतेमुळे, आपण काय करतोय हे कळण्यास किंवा ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्यास जो असमर्थ असतो, त्याची कृती गुन्हा ठरत नाही. यातले 'कृती करतेवेळी' आणि 'कळण्यास असमर्थ' हे दोन शब्दप्रयोग अधोरेखित करून ठेवा. आजाराचं नाव कलमात कुठेच नाही.

ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या विधेयकात 'मनोविकलता' काढून 'मानसिक आजार' हा शब्द घातला होता. संसदीय स्थायी समितीने त्यावर हरकत घेतली आणि अंतिम कायद्यात जुनाच शब्द परत आला. माझ्या मते ते योग्यच झालं. मानसिक आजारात नैराश्य, चिंताविकार, व्यसन असं सगळंच येतं. कलमाचा प्रश्न त्याहून खूप अरुंद आहे.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं कलम ८४ च लागू होतं. आशय एकच आहे, तरी अर्जात आकडा चुकवू नका.

निशिगंध
म्हणजे स्किझोफ्रेनियाचं सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलं तरी पुरेसं नाही? आमच्याकडे सगळे तर म्हणतात, "वेड्याचं सर्टिफिकेट आणा, माणूस सुटेल."

मनोविकार_ओपीडी
निशिगंधताई, नाही सुटत. प्रमाणपत्र आजार सांगतं. घटनेच्या दिवशी दुपारी अमुक वाजता त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं, ते त्यातून कळत नाही. स्किझोफ्रेनिया असलेला माणूस दुकानातून उधारीवर सामान आणतो, पैसे मोजतो, शेजाऱ्याशी जमिनीवरून भांडतोही. ते भांडण आजारातून आलंच असेल असं नाही. उलट भ्रम जोरात असताना तोच माणूस बायकोने जेवणात विष कालवलंय असं ठाम धरून बसतो आणि दोन दिवस उपाशी राहतो. आजार एकच, पण कायद्याच्या नजरेत या दोन वेळा पूर्ण वेगळ्या आहेत.

आणखी एक मुद्दा फार लोकांना माहीत नसतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३(५) नुसार एखाद्याला मानसिक आजार असल्याचं ठरलं, एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयानेच ठरवावं लागतं. त्यामुळे "हा माणूस मनोविकल आहे" असं डॉक्टरने लिहूच नये. लक्षणं, त्यांची तीव्रता, ती कधीपासून आहेत आणि त्यांचा समजेवर काय परिणाम होतो, एवढं लिहावं.

कलमदान
डॉक्टर, अगदी बरोबर. हाच फरक सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून लख्ख दिसतो.

पहिला, भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२. आरोपी पोलीस शिपाई. एप्रिल १९९४ मध्ये त्याने पत्नीच्या डोक्यात दगडी वरवंटा घातला. खालच्या दोन्ही न्यायालयांनी शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एकच भारी पुरावा सापडला म्हणून हे झालं नाही. वडिलांना मनोविकार होता. १९९२ पासून स्वतः आरोपीवर उपचार चालू होते आणि निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. हेतू सांगितला गेला तो कमकुवत होता : नोकरीचा राजीनामा द्यायला बायकोचा विरोध. आणि खून दिवसाढवळ्या झाला, लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न नाही. या सगळ्या कड्या जोडून न्यायालयाने त्या वेळच्या मनाचं चित्र उभं केलं.

दुसरा, सुरेंद्र मिश्रा विरुद्ध झारखंड राज्य, २०११. इथेही उपचारांचे कागद होते. पण गोळी झाडल्यावर आरोपीने ड्रायव्हरला धमकावलं, तिथून पळाला आणि गावठी पिस्तूल विहिरीत टाकलं. हत्यार लपवणाऱ्याला आपण काय केलं हे कळत होतं, असा अर्थ न्यायालयाने काढला. बचाव फेटाळला गेला.

जुनी_फाईल
पुराव्याच्या भाराबद्दल लिहितो. इथे वकीलसुद्धा घसरतात.

साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८ (जुनं १०५) सांगतं की अपवादाचा, म्हणजे कलम २२ सारख्या बचावाचा, फायदा घ्यायचा तर तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. हे वाचून बरेच जण बचाव सोडूनच देतात, कारण खुनासारखा आरोप आणि त्यात आपणच सिद्ध करायचं म्हटल्यावर धीर सुटतो. पण दह्याभाई छगनभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य, १९६४ हा निकाल नीट वाचा. न्या. सुब्बा राव यांनी तीन पायऱ्या घातल्या आहेत.

गुन्हा आरोपीने केला आणि तो आवश्यक त्या दोषी मनाने केला, हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याचा भार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकारी पक्षावरच असतो. आरोपी शहाणा होता असं न्यायालय धरून चालतं, पण ते गृहीतक आरोपीला खोडता येतं, आणि त्यासाठीचा भार दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराइतकाच, म्हणजे शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवण्यापुरता. तिसरी पायरी सर्वात मोलाची : वेड पुरतं सिद्ध झालं नाही, तरी त्या पुराव्यातून दोषी मनाबद्दलच वाजवी शंका उभी राहिली, तर आरोपी सुटायला हवा, कारण मग सरकारी पक्षाची स्वतःची पहिली पायरी ढासळते.

त्या प्रकरणात मृत पत्नीच्या अंगावर ४४ जखमा होत्या आणि शिक्षा कायम झाली. जखमांची संख्या किंवा क्रौर्य स्वतःहून वेड सिद्ध करत नाही, हाही धडा त्यात आहे. "इतकं क्रूर शहाणा माणूस करेल का?" हा युक्तिवाद अनेक वकील करतात. त्याला आधार नाही.

पाटोदेकर
तपास अधिकाऱ्याची काही जबाबदारी आहे की नाही? घरचे ओरडून सांगत असतात की हा वर्षभर औषधं घेतोय, पण दोषारोपपत्रात त्याचा उल्लेखही नसतो.

पंचनामा
आहे. बापू उर्फ गुजराज सिंह विरुद्ध राजस्थान, २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिहिलंय : तपासात वेडाचा पूर्वेतिहास समोर आला, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तसं केलं नाही तर सरकारी पक्षाच्या बाजूत गंभीर उणीव राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो. त्याच प्रकरणात आरोपी मात्र सुटला नाही, हे उलटतपास घेताना लक्षात ठेवा, नाहीतर सरकारी वकील तेच पान उघडून दाखवतील.

पण पाटोदेकर, नुसतं तोंडी ओरडून उपयोग नाही. "आम्ही पोलिसांना सांगितलं होतं" याला कागद नसेल तर पूर्वेतिहास समोर आला होता हे सिद्धच होत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा, पोलीस ठाण्याच्या आवक शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. आणि पहिल्या रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांपुढे लेखी अर्ज द्या की आरोपी मनोविकारग्रस्त आहे, त्याची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी. हा अर्ज सगळ्यात महत्त्वाचा. तो न्यायालयाच्या रोजनाम्यात येतो आणि त्याची तारीख कुणाला बदलता येत नाही. खटला उभा राहून तीन वर्षांनी आरोपीच्या जबाबात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ३५१ (जुनं ३१३) खाली, "मी वेडा होतो" असं पहिल्यांदा म्हटलं की न्यायाधीश त्याला नंतर सुचलेली सबब समजतात. त्यांचं चूकही नाही.

निशिगंध
मग पहिल्या आठवड्यात घरच्यांनी काय काय गोळा करायचं? कृपया तपशिलात सांगा. बऱ्याच घरांना हे कुणी सांगतच नाही.

पंचनामा
ताई, इथे मी जरा लांबलचक लिहितो.

सर्वात आधी उपचारांचे मूळ कागद. ओपीडीचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं. बिलं लोक फेकून देतात, पण घटनेच्या आधी औषध कधी बंद पडलं हे बिलांवरूनच कळतं. शेवटचं बिल मार्चचं आणि घटना जूनची असेल, तर मधले तीन महिने औषध नव्हतं हे दिसतं. औषध थांबल्यावर आजार उलटतो, हे मग डॉक्टरांना साक्षीत सांगता येतं. सरकारी रुग्णालयातले जुने केसपेपर काही वर्षांनी नष्ट होतात, म्हणून प्रमाणित प्रतीचा अर्ज लगेच करा. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था. पूर्वी तिथे भरती झाली असेल तर क्रमांकासह नोंद मिळते.

मग आधीचे पंधरा दिवस. झोपत नव्हता, एकटाच बडबडत होता, घरातले फोटो उलटे लावत होता, रात्री-अपरात्री घराबाहेर पडत होता, असं जे जे असेल ते पाहिलेल्या माणसांची नावं आज लिहून ठेवा. शेजारी, दुकानदार, नोकरीच्या ठिकाणचा मुकादम, शाळेतला शिपाई. रक्ताच्या नात्याबाहेरच्या साक्षीदाराचं वजन जास्त पडतं. कामावरून विचित्र वागण्याबद्दल मेमो मिळाला असेल तर तो सोन्यासारखा. गावात मांत्रिकाकडे किंवा दर्ग्यावर नेलं असेल तर तेही लपवू नका. घरच्यांना हा आजार वाटत होता याचा तोही पुरावाच आहे.

घटनेच्या वेळचं वागणं : पळाला का, रक्ताचे कपडे बदलले का, हत्यार कुठे होतं, लोक आले तेव्हा काय बोलत होता. पंचनाम्यात आणि प्रथम खबरीत यातलं काय आलंय ते शब्दशः वाचा. "आरोपी प्रेताशेजारी बसून गाणं म्हणत होता" असं वाक्य फिर्यादीच्या स्वतःच्या जबाबात सापडलं तर त्याच्याइतका भक्कम पुरावा बचावाला दुसरीकडे मिळत नाही, कारण ते विरुद्ध बाजूचं बोलणं असतं.

आणि नंतरचे दिवस. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली होतेच. तिथल्या फॉर्मवर "शुद्धीवर, व्यवस्थित बोलतो" अशी एक ओळ पडते आणि सरकारी पक्ष पुढे तीच वाचतो. ती तपासणी जखमांसाठी असते, मनाची नसते. उलटतपासात डॉक्टरांना विचारा : मनाची तपासणी केली का, किती मिनिटं, कोणते प्रश्न विचारले? तुरुंगात गेल्यावर तिथल्या दवाखान्याचं रजिस्टर मागवा. न्यायालयीन कोठडीत पहिल्याच आठवड्यात मनोविकाराची औषधं सुरू झाली असतील, तर ती नोंद घटनेच्या सगळ्यात जवळची असते.

शेवटची आणि नेहमी राहणारी गोष्ट : कागद दाखल केले म्हणजे ते वाचले गेले असं नाही. सरकारी पक्षाने त्याच संहितेच्या कलम ३३० (जुनं २९४) खाली ते मान्य केले नाहीत, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं. कागद असूनही डॉक्टर साक्षीला न आल्यामुळे हरलेले खटले थोडे नाहीत.

मनोविकार_ओपीडी
पंचनामा यांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य छापून ठेवण्यासारखं आहे. आमच्या बाजूने निरीक्षणाच्या अहवालाबद्दल जोडतो.

न्यायालय आरोपीला निरीक्षणासाठी पाठवतं तेव्हा पत्रात बहुतेक वेळा मोघम लिहिलेलं असतं, "मानसिक स्थितीबाबत अहवाल द्यावा." यातून गोंधळ होतो. प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे विचारायला हवेत : आज हा माणूस खटला समजून स्वतःचा बचाव करू शकतो का? आणि घटनेच्या दिवशी त्याची मनःस्थिती कशी असावी? पहिल्याचं उत्तर आम्ही वॉर्डात बघून देतो. दुसऱ्यासाठी जुने केसपेपर, प्रथम खबर, पंचनामा आणि निदान दोन नातेवाइकांची वेगवेगळी घेतलेली माहिती लागते. हे पाठवलं नाही तर दुसऱ्या प्रश्नावर डॉक्टर प्रामाणिकपणे काहीच म्हणू शकत नाही.

सर्वात घातक वाक्य म्हणजे "सध्या सक्रिय मनोविकाराची लक्षणं नाहीत." तुरुंगात सहा महिने नियमित औषध मिळालेला रुग्ण बरा दिसणारच! ते वाक्य 'तेव्हाही नव्हती' असं वाचलं जातं. अहवालात उपचार कधी सुरू झाले आणि कशाने सुधारला हे त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

सोंगाबद्दल नेहमी विचारलं जातं. सोंग करणारा डॉक्टर समोर आल्यावर बिघडतो आणि वॉर्डबॉयसमोर नीट वागतो. त्याला एकदम सगळेच भास होतात, विशेषतः रंगीबेरंगी दिसण्याचे. खऱ्या स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येण्याचे भास जास्त, आणि रुग्ण बहुधा ते लपवतो. सोंग करणारा रात्री शांत झोपतो. म्हणून रात्रपाळीच्या नर्सची नोंदवही आमच्या मुलाखतीपेक्षा जास्त खरं सांगते. एका भेटीत मत देऊ नये, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा तपासावं.

कलमदान
डॉक्टरांनी सांगितलेला 'आज' आणि 'तेव्हा' हा फरक कायद्यातही दोन वेगळ्या जागी आहे. 'तेव्हा' म्हणजे न्याय संहिता कलम २२. 'आज' म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता कलम ३६७ आणि ३६८ (जुनी ३२८, ३२९). दंडाधिकाऱ्यांपुढे असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक तपासतात, त्यांना मनोविकलता वाटली तर सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. तो अहवाल पटला नाही तर वैद्यकीय मंडळाकडे अपील आहे. आरोपी बचाव करायला असमर्थ ठरला तर खटला तहकूब होतो. पण त्याआधी न्यायालयाने कागद पाहून ठरवायचं असतं की मुळात प्रथमदर्शनी प्रकरण उभं राहतं का. राहत नसेल तर तहकुबी न देता आरोपीला मोकळं करायचं. वकील ही मागणीच करत नाहीत.

तहकुबीच्या काळात कलम ३६९ खाली जामीन मिळू शकतो, गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र. अट अशी की भरती करण्याची गरज नसावी आणि नातेवाइकाने नियमित ओपीडी उपचारांची हमी द्यावी.

पाटोदेकर
आणि कलम २२ खाली सुटला तर थेट घरी?

जुनी_फाईल
नाही, आणि हे कुटुंबाला आधीच समजावून सांगणं गरजेचं आहे. कलम ३७३ (जुनं ३३४) नुसार निकालात न्यायाधीशांना स्पष्ट लिहावं लागतं की ती कृती आरोपीने केली होती की नाही. केली असेल, तर कलम ३७४ खाली त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश होतो, किंवा नातेवाइकाने अर्ज करून हमी दिली तर त्याच्या हवाली केलं जातं. हमी कशाची? नीट काळजी घेऊ, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, आणि ठरलेल्या वेळी तपासणीसाठी हजर करू. नातेवाइकाचा अर्ज निकालाच्या दिवशीच तयार ठेवा. नसेल तर माणूस मनोरुग्णालयात जातो आणि तिथून बाहेर काढायला कलम ३७७ खाली प्रमाणपत्र आणि राज्य शासनाचा आदेश अशी लांब वाट चालावी लागते.

खटला न चालता अडकलेल्यांचं तर आणखी वाईट. आसाममध्ये १९५१ साली पकडलेला एक माणूस २००५ साली सुटला. चौपन्न वर्षं, आणि खटला कधी चाललाच नाही. अशा प्रकरणांवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निर्देश दिले. तरीही मनोविकार असलेल्या कच्च्या कैद्याच्या बाबतीत कलम ४७९ (जुनं ४३६-अ) चा हिशोब कुणी करत नाही : कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत गेला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ गेला, की सुटकेचा प्रश्न उभा राहतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. लहान गुन्ह्यांत अडकलेल्यांसाठी मात्र लगेच अर्ज करावा.

वाळकेश्वरी
दारूचं काय? "प्यायलेला होता, त्याला काही कळत नव्हतं," हा बचाव सर्रास घेतला जातो.

कलमदान
स्वतःहून प्यायला असेल तर कलम २३ चा उपयोग नाही. ते फक्त नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा दिलेल्यासाठी. सरबतात काही मिसळलं, जबरीने पाजलं, अशी प्रकरणं. मित्रांनी आग्रह केला, हे इच्छेविरुद्ध नव्हे.

कलम २४ बारीक वाचावं लागतं. स्वतःहून प्यायलेल्याला, शुद्धीवर असता तर जे ज्ञान असतं ते ज्ञान होतंच, असं कायदा धरतो. ज्ञान धरतो, हेतू धरत नाही. हेतू परिस्थितीवरून शोधावा लागतो. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य (पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचा तेव्हाचा संघ), १९५६ हा आधारस्तंभ. एक निवृत्त लष्करी जमादार लग्नात खूप प्यायला, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जागेवरून उठायला सांगितलं, तो उठला नाही म्हणून पोटात गोळी घातली. जमादार स्वतः चालत होता, बोलत होता. हेतू बनवण्याची ताकद पूर्ण गेली होती असं दिसलं नाही, म्हणून खुनाचीच शिक्षा राहिली. हेतू बनवण्याइतकीही शुद्ध नव्हती असं दिसलं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाकडे प्रकरण झुकू शकतं. बचाव इतकाच, पूर्ण सुटका नाही.

मनोविकार_ओपीडी
एक अपवाद. वर्षानुवर्षं दारू पिऊन, किंवा दारू एकदम बंद केल्यावर, डिलिरियम (भान हरपून बरळणं) किंवा भ्रमाचा खराखुरा मनोविकार झाला असेल तर तो नशा नव्हे, आजार आहे. मग विचार कलम २२ खाली होतो. दारू थांबल्यावर दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, किडे अंगावर चढल्याचे भास, हे विचारून घ्या. अटकेमुळे दारू तुटते आणि हे नेमकं कोठडीत होतं. पण तेव्हा ते घटनेनंतरचं असतं, म्हणून तारखांचा हिशोब काटेकोर हवा.

शाळा_क्र_७
मुलांबद्दल कुणी लिहील का? बाल न्याय अधिनियम आला तर २० आणि २१ कलमांचं काय उरलं?

पंचनामा
उरलं आहे, आणि मोठं उरलं आहे. सात वर्षांखाली गुन्हा होतच नाही. सात ते बारामध्ये त्या मुलाला कृतीचं स्वरूप आणि परिणाम कळण्याइतकी समज नव्हती असं दिसलं, तर तिथेही गुन्हा होत नाही. हे वयापेक्षा समजेवर आहे. १९५० चा ओरिसा उच्च न्यायालयाचा उल्ला महापात्र निकाल पाहा. अकरा वर्षांच्या मुलाने "तुकडे करीन" म्हणत सुरी चालवली होती. धमकी आणि कृती यांची जुळणी पाहून समज होती असं ठरलं. मुलाने आधी काय म्हटलं, नंतर काय लपवलं, हे इथेही तपासलं जातं.

त्यापुढे अठरापर्यंत तो विधिसंघर्षग्रस्त बालक आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे. सोळा पूर्ण झालेल्याने घोर अपराध केल्याचा आरोप असेल तरच कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन होतं : अपराध करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि घटनेची परिस्थिती. पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं. घोर म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त. कमाल जन्मठेप असली तरी किमान सात नसेल तर तो गुन्हा 'गंभीर', घोर नाही. शिल्पा मित्तल विरुद्ध दिल्ली, २०२० चा निकाल आणि नंतर २०२१ ची दुरुस्ती यांनी हे पक्कं केलं. न्याय संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या कलम १०५ मध्ये आता किमान पाच वर्षं आली आहेत, पण पाच म्हणजे सात नव्हे. रस्त्यावरच्या अपघातांनंतर "मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवा" अशी मागणी होते, तेव्हा लोकांचा संताप समजतो, पण गाडी नेमकी या किमान शिक्षेपाशी अडते.

२०२२ च्या बरुण चंद्र ठाकूर निकालाने आणखी एक स्पष्ट केलं : मंडळात बाल मानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. मूल्यांकनाला आव्हान देताना हा मुद्दा पहिला पाहा.

शाळा_क्र_७
वयाच्या पुराव्यावरही दोन ओळी लिहाल का? शाळेकडे दाखल्यांसाठी पोलीस येतात.

पंचनामा
बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ चा क्रम पाळायचा. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी, ती आदेशापासून १५ दिवसांत. हाडांच्या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांचा फरक धरतात, म्हणून ती शेवटी.

शाळा सोडल्याचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा उतारा म्हणजे कलमाला अपेक्षित प्रमाणपत्र नव्हे, असं २०२३ च्या युवाप्रकाश निकालात आलं आहे. त्यामुळे मुख्याध्यापकांनी जन्मतारीख कशाच्या आधारे लिहिली हे सांगायची तयारी ठेवावी. अंगणवाडीच्या नोंदीवरून की वडिलांच्या तोंडी सांगण्यावरून? साक्षीत हाच प्रश्न येतो. वय मोजायचं ते घटनेच्या तारखेचं, आणि अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येतो, शिक्षा लागल्यानंतरही.

निशिगंध
पहिल्या प्रतिसादात 'चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध' असं लिहिलंय. कायद्याविरुद्ध आहे हे कळतं, पण देवाची आज्ञा म्हणून बरोबरच वाटतं, असा माणूस कुठे बसतो?

जुनी_फाईल
फार चांगला प्रश्न, आणि कायद्याचा हा कोपरा अजून पुरता उजळलेला नाही. कलकत्ता उच्च न्यायालयापुढे १९४९ साली असंच प्रकरण होतं, अशिरुद्दीन अहमद यांचं. स्वप्नातल्या आज्ञेवरून वडिलांनी पाच वर्षांच्या मुलाचा बळी दिला. काय करतोय हे त्यांना कळत होतं, कायद्याविरुद्ध आहे हेही कळत होतं. पण ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं, म्हणून बचाव मान्य झाला. इंग्लंडमधल्या १८४३ च्या, वेडाच्या बचावाबद्दलच्या मॅकनॉटन नियमांवरून आपलं कलम घेतलं असलं, तरी 'अथवा' या शब्दामुळे हा अर्थ इथे निघू शकला. पण त्याच्यावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. तेव्हा फक्त या निकालावर खटला उभा करू नका. आज्ञा ऐकू येण्याचा भास आजाराच्या नोंदीत घटनेच्या आधीपासून असेल तर वजन पडतं. अनावर ऊर्मी, म्हणजे "कळत होतं पण हात थांबेना", याला मात्र आपल्या कायद्यात स्वतंत्र जागा नाही.

वाळकेश्वरी
आणि शिक्षा झाल्यानंतर मनोविकार झाला तर?

कलमदान
तेव्हा कलम २२ संपलेलं असतं, पण दार पुरतं बंद होत नाही. आरोपी 'एक्स' विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या कैद्याला शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार हा शिक्षा सौम्य करणारा घटक मानला आणि फाशी रद्द करून आयुष्यभराचा तुरुंगवास दिला. नाव न छापता 'एक्स' लिहिलं, तेही त्याच्या आजाराची गोपनीयता राखण्यासाठी. इतर कैद्यांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम १०३ आहे. तुरुंगाच्या मनोविकार कक्षात किंवा बाहेरच्या मनोरुग्णालयात उपचार देणं त्यात बंधनकारक आहे.

पाटोदेकर
शेवटचं विचारतो. रिमांडचा अर्ज कुणाच्या नावे? आणि वकील लावायला पैसे नसतील तर?

पंचनामा
अर्ज ज्या दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलंय त्यांच्याच नावे. गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाणं, आजार कधीपासून, कुठल्या रुग्णालयात, शेवटची औषधं कोणती, एवढं एका पानात. केसपेपरच्या झेरॉक्स जोडा, मूळ प्रती घरी ठेवा. चालू औषधांची चिठ्ठी वेगळी जोडून, ती तुरुंग अधीक्षकांकडे पाठवण्याचा आदेश त्याच अर्जात मागा, म्हणजे औषध तुटणार नाही. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. कोठडीतल्या माणसाला आणि मनोविकार असलेल्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.

पाटोदेकर
आभार. उद्या सकाळी कोर्टात हजर करणार आहेत, आज रात्रीच अर्ज लिहून घेतो.